नाण्याचा सातबारा
(रोमन नाणी जमवू पाहणाऱ्या लातूर-नांदेडकरांसाठी प्राथमिक सूचना)

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातला एकही रोमहून येत नाही. नवशिक्याने हे पहिल्याच दिवशी मान्य करावं, पुढचा बराच खर्च वाचतो.

साहित्य फार लागत नाही. एक भिंग, ग्रॅमचे दशांश दाखवणारा काटा आणि समोरचा कितीही गोड बोलला तरी उठून जाता येईल अशी जागा. चिंच मात्र घरीच ठेवावी. तांब्याच्या जुन्या नाण्यावरचा हिरवा-काळा थर चढायला शतकं लागतात आणि उतरवायला एका उत्साही माणसाची एक दुपार पुरते.

आता घरातला डबा उघडा. आजीच्या माळेतली पुतळी काढून ‘हे बघा, रोमन!’ असं ओरडू नका. एक उभा, एक गुडघ्यावर, भोवती लॅटिन अक्षरं. ते व्हेनिसच्या डुकॅटचं चित्र आहे. उभे आहेत ते संत मार्क, गुडघ्यावर आहे तो व्हेनिसचा शासक. आपल्याकडे त्यांना रामसीता समजून पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात घातलं, आणि त्या दोघांनी कधी तक्रार केली नाही. डुकॅट 1284 साली निघाला. तोवर रोमच्या पश्चिमेकडच्या साम्राज्याला बुडून आठशे वर्षं झाली होती. पुतळी माळेत परत ओवा.

खरं रोमन नाणं हवं असेल तर दोन सम्राटांचे चेहरे पाठ करा, ऑगस्टस आणि टायबेरियस. भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत बहुसंख्य याच दोघांची आहेत. ऑगस्टसच्या मागच्या बाजूला ढाली-भाले घेतलेले त्याचे दोन नातू उभे दिसतात, टायबेरियसच्या मागे एक स्त्री आसनावर बसलेली असते. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. इ.स. 64 मध्ये नीरोने नाण्याचं वजनही घटवलं आणि चांदीचा कसही. त्यानंतरची नाणी इकडे फारच थोडी सापडतात. आपल्या व्यापाऱ्यांना लॅटिन येत नसेल, चांदी मात्र नक्की कळत होती.

चेहरा जुळला, वजन जुळलं, की विक्रेता गोष्ट सांगायला लागेल. गोष्टी दोनच असतात. पहिली अशी: ‘मालक, आजोबांनी विहीर खांदली, तवा गाडगं निघालं.’ ही ऐकायला उत्तम आणि ठेवायला वाईट. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवलंच पाहिजे, असं 1878 चा निखात निधी कायदा सांगतो. लपवलं तर तुरुंगवासापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. म्हणजे गोष्ट खोटी असेल तर बहुधा नाणंही खोटं, आणि खरी असेल तर तुम्ही गुन्ह्यातला माल हातात धरून बसला आहात. एवढी पक्की गोष्ट दुसऱ्या कुठल्या धंद्यात ऐकायला मिळत नाही.

दुसरी गोष्ट जुन्या संग्रहाची. ‘निजामाच्या एका सरदाराच्या घरातलं आहे.’ सरदाराचं नाव विचारा. ते गुप्त असतं. कागद विचारा, तो पोलीस ॲक्शनमध्ये गेलेला असतो. मराठवाड्यात 1948 नंतर जे जे सापडत नाही ते सगळं पोलीस ॲक्शनमध्येच गेलेलं आहे.

जुना संग्रह याचा अर्थ नाण्याचा सातबारा. कोणाकडून कोणाकडे गेलं याचे फेरफार लागतात: छापील लिलाव-सूची, तिच्यातला त्याच नाण्याचा फोटो, पावती, जुन्या संग्राहकाच्या हातचं पाकीट. नाण्याची कड कुठे दबलीय, सम्राटाच्या कानामागे ओरखडा आहे का, हे फोटोशी ताडून पाहायचं. वारसाच्या तोंडी सांगण्यावर तलाठी नोंद घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला 1972 च्या कायद्याने परवाना लागतो, तोही दाखवायला सांगा. अमेरिकेतला पुतण्या दिवाळीला आला म्हणून जाताना त्याच्या खिशात भेट सरकवू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

एवढं सगळं करण्याआधी तेरला जाऊन या. लातूरहून हे काही लांब नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर सांगितलंय, तिथून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोचला जायची. ते तगर म्हणजे तेर, हे इतिहाससंशोधक फ्लीटने 1901 मध्ये मांडलं. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी तिथे मिळणाऱ्या वस्तू जमवल्या, आणि आज त्यांच्या नावाने तिथे सरकारी संग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती बाई नीट बघा. तिची जवळची बहीण 1938 मध्ये पाँपेईत सापडली, म्हणजे ज्वालामुखीने पाँपेई गाडलं त्या इ.स. 79 पूर्वीच ती इकडून इटलीला पोचली होती. जुना संग्रह म्हणतात तो असा. जमवणाऱ्याचं नाव ठाऊक, वस्तूचं गाव ठाऊक.

आणि तरीही हाताला खाज सुटत असेल तर हैदराबादकडच्या कोंडापूरची आठवण ठेवा. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने 1940 च्या सुमारास तिथे खणलं, तेव्हा टायबेरियसच्या नाण्याच्या मातीच्या नकला निघाल्या. गळ्यात घालायची पदकं असावीत. ज्यांना चांदी परवडत नव्हती त्यांनी सम्राट मातीत छापून घेतला. आज ती नक्कलच अस्सल पुरावस्तू आहे. विक्रेत्याने हे वाचलं असेल तर पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे मातीचे टायबेरियस येतील. त्यांचाही सातबारा मागा.