भयकथेचे क्रीडांतर: पापणी, कागद आणि गालिचा यांची मीमांसा

भूत दिसले तर माणसाने काय करावे, याबद्दल सर्व आचार्यांत एकवाक्यता आहे: रामनाम घ्यावे, मागे वळून पाहू नये आणि पळत सुटावे. भुताने काय करावे, हा विषय मात्र फारसा कोणी हाताळलेला नाही. गोष्टीतल्या भुताला त्याची गरजही पडत नाही. ते नुसते झाडाखाली उभे राहिले तरी त्याचे भागते; उरलेले काम वाचक करतो. पण तेच भूत संगणकावरच्या खेळात घ्यायचे म्हटले की चौकशी सुरू होते. ते किती वेगाने चालते? बंद दार त्याला अडते का? पाठमोऱ्याला धरते की समोरच्याला? आणि मुख्य म्हणजे, ते तिकडे उभे असताना खेळणाऱ्याने इकडे काय करत बसायचे? इंटरनेटवर जन्मलेल्या भयकथांचे खेळ कसे होतात, याची ही मीमांसा त्या शेवटच्या प्रश्नापासून निघते. विषय क्षुल्लक आहे, हा आक्षेप मान्य करून पुढे जाऊ.

सिद्धांत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्यांना उठता येईल. गोष्टीचा खेळ करायचा तर भुताला नियम आणि माणसाला काम लावून द्यावे लागते. आणि काम जितके किरकोळ, तितकी भीती अस्सल. उरलेला लेख म्हणजे या सिद्धांताचे भाष्य.

पहिला दाखला स्लेंडर मॅनचा. जून 2009 मध्ये एरिक नुडसन या अमेरिकन गृहस्थाने ‘व्हिक्टर सर्ज’ या टोपणनावाने दोन कृष्णधवल छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत मुलांच्या मागे एक लांबलचक आकृती होती: काळा सूट, चेहऱ्याच्या जागी काहीही नाही. तो मुलांना नेऊन नेमके काय करतो, हे कोणी धड सांगितले नाही, आणि तेच त्याचे भांडवल. 2012 मध्ये मार्क हॅडली यांनी ‘स्लेंडर: द एट पेजेस’ हा फुकट खेळ काढला, तेव्हा या धूसर गृहस्थाला पहिल्यांदा कामाचे वेळापत्रक मिळाले. रात्रीचे रान, हातात संपत जाणारी टॉर्च, शस्त्र शून्य, आणि काम एकच: झाडांवर आणि पडक्या भिंतींवर लावलेले आठ कागद गोळा करणे.

हे कागद कशाला हवेत, कोणाकडे जमा करायचे, पोच मिळणार का, याविषयी ग्रंथ मूक आहे. त्यातल्या एका कागदावर त्याच्याकडे पाहू नये अशी ताकीद असते. म्हणजे न पाहण्याचा सल्ला वाचण्यासाठी आधी त्याच्या रानात जावे लागते. दर कागदागणिक धुके दाटते, पार्श्वसंगीत जड होते आणि तो अधिक जवळ येऊ लागतो. काम जितके चोख, तितकी शिक्षा लवकर. पगारदार वाचकांना हा नियम उलगडून सांगण्याची गरज नाही.

येथे एक मोह टाळला पाहिजे. भरतमुनींनी सात्त्विक भाव आठ सांगितले: स्तंभ, स्वेद, रोमांच वगैरे. कागदही आठ. या योगायोगावर पीएच.डी. होऊ शकते, आणि म्हणूनच तो विषय येथे सोडून देतो.

स्लेंडर मॅनकडे पाहत राहिले की पडद्यावर खरखर माजते. ही खूण हॅडली यांची नव्हे. 2009 मध्येच सुरू झालेल्या ‘मार्बल हॉर्नेट्स’ या इंटरनेट मालिकेत तो जवळ आला की कॅमेऱ्यातले चित्र बिघडत असे. मालिकेत ते एका यंत्राचे आजारपण होते. खेळात ती खेळाडूच्या नजरेची मोजपट्टी झाली: किती वेळ पाहिले म्हणजे संपलात. आठही कागद जमवले तरी शेवटी तो धरतोच. मग बक्षीस काय? तेच रान, तोच गृहस्थ, पण दिवसाउजेडी खेळण्याची सोय. भयसाहित्याच्या इतिहासात इतके प्रामाणिक बक्षीस दुसरे नसावे.

आता पापणीकडे वळू. 2007 मध्ये एका निनावी लेखकाने 173 क्रमांकाच्या एका वस्तूची फाइल लिहिली. काँक्रीट आणि लोखंडी सळ्यांची मूर्ती. कोणी पाहत असेल तोवर ढिम्म, नजर हटली की येऊन मान मोडते. सगळा मजकूर सरकारी टिपणीच्या कोरड्या भाषेत. या एका फाइलीतून पुढे ‘एससीपी फाउंडेशन’ नावाच्या काल्पनिक खात्याच्या हजारो फाइली निघाल्या. सोबतचे छायाचित्र इझुमी काटो या जपानी कलावंताच्या शिल्पाचे होते, आणि ते बिचारे शिल्प या कशातच सामील नव्हते. 2022 मध्ये फाउंडेशनच्या मंडळींनी ते चित्र काढून टाकले, मजकूर राहिला. मूर्ती गेली, भीती तशीच राहिली, हे आपल्याकडच्या देवळांत सहसा घडत नाही.

मूळ फाइलीत पापणीचा प्रश्न खात्याच्या पद्धतीने सोडवला होता: खोलीत तिघांनी जावे, आणि पापणी मिटण्यापूर्वी सोबत्यांना कळवावे. 2012 मध्ये योनास रिक्कोनेन या फिनिश तरुणाने ‘एससीपी: कंटेनमेंट ब्रीच’ केला आणि तिघांची सोय मोडून काढली. सुरुवातीला दोन सोबती असतात. ते फार टिकत नाहीत. मग खेळाडू एकटा, आणि पडद्याच्या खालच्या बाजूला एक पट्टी, हळूहळू रिकामी होणारी. ती संपली की पडदा क्षणभर काळा होतो. स्पेसबार दाबून आपण आपल्या सवडीने पापणी मिटू शकतो. डोळ्यांत घालायचे थेंब सापडले तर पट्टी सावकाश उतरते. काही खोल्यांत वायू असतो, तिथे ती भराभर उतरते.

नाट्यशास्त्रात पापण्यांच्या हालचालींचे नऊ प्रकार सांगितले आहेत, उन्मेष आणि निमेष धरून. पण त्यातल्या एकावरही बटण नेमलेले नाही. भरतमुनींनी ज्याला अभिनय मानले, त्याला रिक्कोनेन यांनी खर्च मानले. माणूस दिवसभरात हजारो वेळा पापणी लववतो आणि एकदाही त्याची नोंद घेत नाही. या खेळापुढे बसल्यावर मात्र आपल्याला डोळे आहेत हे कळते आणि ते निष्कारण कोरडे वाटू लागतात. दमयंतीने स्वयंवरात नळाचे रूप घेतलेले देव कसे ओळखले? त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या. म्हणजे 173 क्रमांकाची मूर्ती देवांचे काहीही वाकडे करू शकत नाही. तिचे सारे सामर्थ्य मर्त्यत्वाच्या एका फुटकळ लक्षणावर उभे आहे. खेळाने ते लक्षण उचलले, त्याला पट्टी लावली आणि बाकीची कथा जवळपास सोडून दिली. माझ्या मते या सगळ्या परंपरेतले सर्वांत कसबी क्रीडांतर हेच.

येथे दोन संप्रदाय स्पष्ट दिसतात. स्लेंडर मॅनचा अदर्शनवाद: पाहू नका. 173 चा दर्शनवाद: नजर हटवू नका. दोघांत समन्वय अशक्य, असे वाटत असतानाच रिक्कोनेन यांनी 096 क्रमांकाचा प्राणीही त्याच इमारतीत आणून सोडला. त्याचा चेहरा दिसला की तो खवळतो आणि पाहणाऱ्याला संपवूनच थांबतो. एकाकडे पाहत राहायचे, दुसऱ्याकडे पाहायचेच नाही, आणि समोर येणारा नेमका कोण हे पाहिल्याशिवाय कळत नाही. वाद मिटवण्याऐवजी दोन्ही पक्षांना एकाच बोळात कोंडण्याची ही रीत विद्वत्परिषदांनाही लागू पडेल.

फाउंडेशनच्या फाइलींवर एक मुक्त परवाना आहे: कोणीही वापरा, श्रेय द्या, आणि तुम्ही जे बनवाल तेही त्याच अटीवर खुले ठेवा. एससीपीवरचे खेळ इतके बेसुमार का, याचे अर्धे उत्तर या परवान्यात आहे. उरलेले अर्धे असे की काँक्रीटच्या मूर्तीला चालताना दाखवावे लागत नाही. अॅनिमेशनचा खर्च वाचतो.

गालिच्याचे प्रकरण अवघड आहे. मे 2019 मध्ये ‘बॅकरूम्स’ची कथा आली ती एक फोटो आणि एक परिच्छेद घेऊन. पिवळ्या भिंतींच्या रिकाम्या खोल्या, ट्यूबलाइटची भुणभुण, ओलसर जुन्या गालिच्याचा वास, आणि क्षेत्रफळ सुमारे 60 कोटी चौरस मैल. पृथ्वीचा सारा पृष्ठभाग, समुद्र धरून, 20 कोटी चौरस मैलांच्या आतच आहे. म्हणजे तिप्पट पृथ्वीला वॉलपेपर लावलेला. पुढे 2024 मध्ये शोध लागला की तो फोटो 2002 साली विस्कॉन्सिनमधल्या ऑशकोश गावात काढलेला. फर्निचरचे जुने दुकान, नूतनीकरण चाललेले, छंदाच्या वस्तूंच्या दुकानासाठी. तिप्पट पृथ्वी एका गाळ्यात मावली.

या कथेत माणूस तिथे पोचतो तो वास्तवाच्या भिंतीतून चुकून आरपार जाऊन. हे सुचले खेळांतूनच: ‘क्वेक’मध्ये 1996 पासून ‘नोक्लिप’ ही आज्ञा होती, ती दिली की खेळाडूला भिंती अडवत नसत. म्हणजे खेळातली लबाडी कथेत जाऊन शाप झाली आणि तो शाप पुन्हा खेळात परतला. फक्त आता खेळाडूला भिंतीतून नेमके आरपार पाडणे हे प्रोग्रामरचे काम झाले, ज्याने आयुष्यभर नेमके तेच होऊ नये म्हणून धडपड केलेली असते.

पण कथेत दार नव्हते, आणि दार नसलेला खेळ विकायचा कसा? म्हणून मजले आले, राक्षस आले, किल्ल्या आल्या. 2022 मधल्या एका खेळाचे नावच ‘एस्केप द बॅकरूम्स’. त्यात चार जण एकत्र उतरू शकतात. मूळ परिच्छेदाची सगळी भीती एकटेपणाची. ती चौघांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला पाव येते, आणि तीही हेडफोनवर एकमेकांना शिव्या घालण्यात संपते. गालिच्याचा वास तर कोणालाच जमलेला नाही. मूळ मजकुरातली पहिली ज्ञानेंद्रियगम्य गोष्ट तीच, आणि संगणकाला नाक नाही. माझा सिद्धांत येथे लंगडतो, हे प्रतिपक्षाने सांगण्याआधी मीच नोंदवतो: या खेळांनी काम लावून दिले, पण ते काम किरकोळ ठेवले नाही.

परिशिष्ट म्हणून एक उलटे उदाहरण. ‘माइनक्राफ्ट’च्या जगात हेरोब्राइन नावाचा पांढऱ्या डोळ्यांचा कोणी फिरतो, अशी कथा 2010 मध्ये पसरली. खेळात तो कधीच नव्हता. त्याला खेळात आणण्याचे काम निर्मात्यांनी एका ओळीत केले: नव्या आवृत्तीतल्या बदलांच्या यादीत त्यांनी हेरोब्राइनला काढून टाकल्याची नोंद घातली. नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार मानले आहेत. जे मुळात नव्हतेच त्याचा अत्यंताभाव, आणि जे होते व नष्ट केले त्याचा प्रध्वंसाभाव. अत्यंताभावाचा प्रध्वंस करण्याचा पराक्रम न्यायशास्त्राने कल्पिलेला नाही. माइनक्राफ्टवाले तो आवृत्तीमागून आवृत्ती करत आले आहेत. एकदा काढलेले पुन्हा काढायचे तर मधल्या काळात ते परत आलेले असले पाहिजे, असा तर्क खेळाडूंनी केला आणि ते कुदळ घेऊन शोधायला निघाले.