सव्वातीन कळसूबाई

लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस काय करावे, याबद्दल डॉक्टर, हॉटेलवाले आणि टॅक्सीवाले यांचे दुर्मीळ एकमत आहे: काहीही करू नये. ठाण्याच्या काकांना नेमके हेच जमण्यासारखे नव्हते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ आयुष्यात एक सुट्टी पडून घालवायला तयार झाला नव्हता, आणि इथे तर सहलीचे माणशी पैसे मोजलेले. विमानतळाच्या दारातच त्यांनी हिशेब मांडला. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. हा विमानतळ ३,२५६ मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई उभी केली की विमानाची शिडी लागणार. "आणि सव्वा तासापूर्वी आपण दिल्लीत होतो!" असे म्हणून त्यांनी बॅग उचलली, आठ-दहा पावले चालले आणि त्याच बॅगेवर बसले.

हवेतल्या ऑक्सिजनचा वाटा लेहमध्येही एकवीस टक्केच असतो. हवाच विरळ, त्यामुळे छातीभर श्वास घेतला तरी हाती लागतो तो ठाण्याच्या श्वासाचा दोन-तृतीयांश भाग. शरीराला हा तोटा भरून काढायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डोके ठणकते, झोप येत नाही आणि बुटाची नाडी बांधणे हे एक काम होऊन बसते.

काकांच्या आधी ही गोष्ट चिवड्याला कळली. ठाण्याच्या दाबाने भरलेली पाकिटे लेहमध्ये उशीसारखी टम्म फुगली, आणि रात्री दोनच्या सुमारास त्यातले एक फुटले. काकू दचकून उठल्या. "अहो, काय झालं?" काका जागेच होते. "बाहेरचा दाब कमी झाला," ते अंधारातच म्हणाले. सकाळी चादरीवर शेंगदाणे सापडले.

मराठी सहलीबरोबर आचारी असतो, हे हिमालयाने आता मान्य केले आहे. पण लेहमध्ये पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळते. भांडे खदखदते, वाफ येते, डाळ मात्र आपला हेका सोडत नाही. इथे कुकरवाचून वरण नाही.

लडाखी जेवणाची ओळख गुरगुर चहाने झाली. लांबोड्या लाकडी नळकांड्यात चहा, लोणी आणि मीठ घुसळताना जो आवाज होतो, त्यावरून हे नाव पडले. पहिला घोट घेताच गटातल्या बहुतेकांनी ते सार्थ केले. दोष चहाचा नव्हता, अपेक्षेचा होता. कोरड्या थंडीत ओठ फाटतात, अंगातले पाणी उडून जाते, आणि तिथे मीठ नि स्निग्धता हीच माणसाची खरी गरज असते. काकूंनी तोडगा काढला: "कढी म्हणून प्या." त्याबरोबर सगळ्यांचे पेले रिकामे झाले. यजमानीण बाई रीतीप्रमाणे ते लगेच पुन्हा भरत गेल्या.

त्या बाईंना म्हणायला सगळ्यांकडे एकच शब्द होता, 'जुले'. नमस्कारालाही जुले, आभारालाही जुले, निरोपालाही जुले. निघताना 'येतो' म्हणणाऱ्या माणसांनी याला हसू नये.

तिसऱ्या दिवशी खारदुंग ला. 'ला' म्हणजे खिंड. वर पाटीवर उंची लिहिली होती १८,३८० फूट, आणि तिच्यासमोर फोटोसाठी दादरच्या लोकलसारखी झुंबड होती. काकांनी मात्र मोबाइल काढला. जीपीएसने मोजलेली उंची भरते सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. "पाटी आठशे फुटांनी खोटी आहे!" काका ओरडले, पण त्या उंचीवर ओरडणे म्हणजे पुटपुटणेच. "बरोब्बर सव्वातीन कळसूबाई. जास्त नाही." ड्रायव्हर नुब्राचा तरुण होता. त्याने शांतपणे सांगितले, की जगातला सर्वांत उंच रस्ता ही बढाई या खिंडीकडे राहिलेलीच नाही. उमलिंग लाचा रस्ता १९,०२४ फुटांवरून जातो. मग पाटी बदलत का नाही? "अंकल, फोटो चांगला येतो."

छत्री आणली होती काकूंनी, कारण जून महिना. ड्रायव्हरला त्या छत्रीचे फार अप्रूप वाटले. लेहचा वर्षभराचा पाऊस साधारण शंभर मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. म्हणजे लेहची नऊ वर्षे एका दिवसात. सह्याद्री माण-खटावला जे करतो, तेच हिमालय लडाखला करतो. ढग अलीकडच्या उतारावर रिते होतात आणि पलीकडे नुसते निळेभोर आकाश उरते.

घरेही त्याच हिशेबाने बांधलेली: मातीच्या विटा, पॉप्लरची तुळई, वर काटक्या आणि मातीचे सपाट छत. ऑगस्ट २०१० मध्ये लेहवर ढगफुटी झाली तेव्हा हा हिशेब चुकला. चिखलाच्या लोंढ्यात दोनशेहून अधिक माणसे गेली. ड्रायव्हर तेव्हा शाळेत होता. त्याने एवढेच सांगितले आणि गाडी पुढे काढली.

पाऊस नाही, तर शेती कशावर? पाटबंधारेवाल्याचा हा प्रश्न येणारच होता. शेती वितळत्या बर्फावर. पण पेरणीला पाणी लागते एप्रिल-मेमध्ये, आणि वरचा बर्फ सैल सुटतो जूननंतर. छेवांग नोर्फेल या निवृत्त स्थापत्य अभियंत्याने हिवाळ्यात वाया जाणारे पाणी सावलीत अडवून गोठवले आणि गावाजवळ कृत्रिम हिमनद्या तयार केल्या. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात तोच बर्फ उभा केला. वरच्या ओढ्यातून नळ आणायचा, त्याचे खालचे तोंड उंच धरायचे. पाणी स्वतःच्याच दाबाने कारंज्यासारखे उडते, थंडीत पडता पडता गोठते आणि सुळका वाढत जातो. सुळक्याला ऊन लागायला अंग कमी, म्हणून तो सावकाश वितळतो. दिसतो स्तूपासारखा, म्हणून नाव बर्फाचा स्तूप.

"पंप?" काकांनी विचारले.

"नाही."

"वीज?"

"नाही."

"सिमेंट?"

ड्रायव्हरने मान हलवली. काका पुढचे तीन किलोमीटर एक अक्षर बोलले नाहीत. काकूंना वाटले, पुन्हा उंची लागली.

परतीच्या सकाळी विमानतळाच्या वाटेवर ड्रायव्हरने मन मोकळे केले. एकदा मे महिन्यात पाहुण्यांच्या आग्रहावरून तोही तुमच्याकडे आला होता. स्टेशनवर उतरताच अंगाला पाणी सुटले, डोके दुखायला लागले, जेवण जाईना. दोन दिवस पंख्याखाली पडून काढले. पहिल्या मजल्याचा जिना चढताना धाप लागली.

"कुठे उतरला होतास रे?" काकूंनी विचारले.

"ठाण्यालाच. अंकल, ठाणे किती कळसूबाई?"

काकांनी सवयीने मोबाइल काढला, मग परत खिशात ठेवला. "खाडीकाठचं गाव. शून्यच धर."

"तरीच," ड्रायव्हर म्हणाला.