लिंबोटीला डबा खायला जाण्याची आचारसंहिता

पुण्याहून दाजी येणार असतील तरच ही संहिता लागू. एरवी लोह्याच्या माणसाला मन्याडकाठी जायला नियोजन लागत नाही. धपाटे फडक्यात बांधले, मोटारसायकलला किक मारली, झालं.

दाजी दिवाळीतच व्हॉट्सॲपवर ग्रुप काढतात. त्याचं नाव 'मिशन मन्याड'. त्यात अंगठा दाखवणाऱ्यांपैकी निम्मे येत नाहीत आणि ज्यांनी मेसेज वाचलेलासुद्धा नाही ते सहकुटुंब येतात. पीठ त्या हिशोबानं मळावं.

तारीख ठरवताना दाजींची रजा बघू नये, खंडोबा बघावा. माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते आणि तिच्या दुसऱ्या दिवशी येते येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. २०२५ साली ती १९ डिसेंबरला, शुक्रवारी आली. 'लाँग वीकेंड!' असं लिहून दाजींनी ग्रुपवर फुगे सोडले. नांदेड-लातूर रस्ता माळेगावावरूनच जातो हे त्यांच्या मोबाइलमधल्या नकाशात दिसतं. त्या रस्त्यावरचे घोडे, गाढवं, तमाशाच्या राहुट्या आणि निम्मा मराठवाडा दिसत नाही. शिवाय येळवशीला कुणाला 'फिरायला चल' म्हणणं हा शुद्ध वेडेपणा. जो तो आपल्या शेतात कडब्याच्या कोपीपुढं पूजा मांडून बसलेला असतो. पुढ्यात भज्जी, उंडे आणि मडकंभर आंबील. आंबिलीचे दोन तांबे पोटात गेले की माणूस झाडाखाली आडवा होतो, आणि अशा माणसाच्या हाती गाडीची किल्ली देऊ नये. सहल आठवडाभर पुढं ढकलावी.

पाऊस झाला असेल तर पांदीत गाडी घालायची नाही. दाजींची गाडी चारही चाकांनी ओढते, असं ते सांगतात. आमच्या काळ्या रानात ती ट्रॅक्टरनं ओढली.

सामानाची यादी दाजी करतात. टॉर्च, शिट्टी, दोरी, घडीच्या खुर्च्या, डास पळवायचं मलम. शेवटी 'धपाटे' आणि त्यापुढं बरोबरची खूण. ते कुणी केले याचा रकाना यादीत नसतो. आक्का पहाटे चारला उठलेली असते. दही, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लेकरांसाठी दुधातल्या दशम्या, सगळं तिनंच बांधलेलं. निघताना दाजी तिलाच विचारतात, "तुझं काही राहिलं नाही ना?"

जागा लिंबोटी, मन्याड नदीवरचं धरण. हा सरकारी कागदावरचा ऊर्ध्व मानार प्रकल्प. खाली बारूळला याच नदीवर दुसरं धरण आहे. तिथून ती मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. एवढी माहिती लेकरांना सांगून दाजींना गप्प करता येतं. पण पाण्यात कुणीही उतरू नये. हे कलम थट्टेचं नाही. काठाला गाळ असतो. पहिल्या पावलाला घोटा बुडतो, तिसऱ्याला कंबर. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडलेले असतील तर खालच्या पात्राकडं फिरकूसुद्धा नये. पोहता येतं म्हणणाऱ्यावर जास्त लक्ष ठेवावं.

बसायच्या आधी शेतमालकाला विचारावं. तो नाही म्हणत नाही, उलट बोरं देतो.

आता हुरडा. दाजी पुण्याहून लोखंडी जाळी आणि कोळशाची पिशवी आणतात. ती डिकीतच राहू द्यावी. आगटीला गोवऱ्या लागतात. वीतभर खड्डा करून त्या पेटवायच्या, धूर सरून लालबुंद निखारा झाला की कणसं राखेत खुपसायची, दांडे बाहेर. वाऱ्याच्या खालच्या अंगाला पाहुण्यांना बसवू नये. फार नको असलेले पाहुणे असतील तर बसवावं. कणीस आधी तपासावं: दाणा नखानं दाबला की पांढरा चीक नुसता डोकावला पाहिजे. पाण्यासारखा ओघळला तर चार दिवस थांबायचं, निघालाच नाही तर ती ज्वारी झाली, भाकरीला ठेवावी. गूळभेंडी मिळाली तर बाकी चौकशा बंद.

चोळायला मात्र दाजींनाच बसवावं. एरवी शिट्टी फुंकत फिरणारा हा माणूस इथं मांडी घालून बसतो, निखाऱ्यातलं कणीस उचलतो आणि हुश्श न करता दोन्ही तळव्यांत फिरवतो. फुंकर मारून कूस उडवली की हिरवे दाणे पंगतीत सगळ्यांना वाटतो, स्वतः शेवटी खातो. त्यांच्या वडिलांनी शेत विकलं तेव्हा दाजी कॉलेजात होते. हात शेतातच राहिले बहुतेक. त्या अर्ध्या तासात त्यांना कुणी यादीवरून चिडवायचं नाही, असा आमच्यात अलिखित ठराव आहे.

अर्धा तास संपला की ते हात झटकून उठतात आणि म्हणतात, "पुढच्या वेळी ग्लोव्हज आणू."

परतीला सोबत हुरडा मागू नये, मालक आपणहून बांधून देतो. डिझेलचा खर्च किती आला हेही दाजींना विचारू नये. गाडी घरी पोचायच्या आत माणशी हिशोब ग्रुपवर पडलेला असतो, आक्काच्या नावासकट.