आधी मैदान दाखवा

आमच्या बेळगावात कुत्र्यांच्या बोर्डिंगवाल्याला मैदानाबद्दल विचारलं, की उत्तर येतं, “पाऊस हाय की ओ, कुठं सोडायचं?” इथं जून ते सप्टेंबर पाऊस असतो, हे मैदान आखतानाही माहीत असतं. तरी उतार काढलेला नसतो, चर खणलेला नसतो, एका कोपऱ्यावर पत्राही घातलेला नसतो. तांबड्या मातीचा चिखल होतो आणि फोटोतल्या हिरवळीचे पैसे भरून ठेवलेलं कुत्रं दिवसभर जाळीत बसून राहतं. मला याची चीड येते.

आमचा कुत्रा मुधोळ जातीचा. सशामागे धावण्यासाठी जोपासलेली, घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानानं नावारूपाला आणलेली ही जात आपल्याच मुलखातली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ मध्ये लष्करानं मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. असा कुत्रा आम्ही लग्नाला जाताना एका ठिकाणी ठेवला. ‘प्रशस्त मैदान’ म्हणजे खोल्यांमागची बोळकांडी निघाली, तीही फरशीची. कुंपण कमरेएवढं. तो ते सहज ओलांडतो म्हणून त्याला खांबाला बांधून ठेवलं, आणि बिलात मैदानाचे पैसे वेगळे लावले. कुंपण माणसाच्या डोक्याएवढं हवं आणि फाटकं एकामागे एक दोन हवीत. हे न करता कुत्र्यालाच दोष देतात, ते मला पटत नाही.

दुसरीकडे प्लास्टिकचं गवत पाहिलं. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांना येतो. बाकी बहुतेक उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. एप्रिलच्या उन्हात हे गवत मातीपेक्षा कितीतरी जास्त तापतं. निपाणीच्या बाजूला तर दुपारी अनवाणी पाऊल ठेवून पाहावं. कडुनिंबाची दोन झाडं लावायला काय लागतं? तंबाखूच्या त्या भागात आणखी एक काळजी घ्यायला हवी : कुंपणालगत तंबाखू वाळत घातलेला नसावा. निकोटीन कुत्र्याला विषारी असतं.

मातीला विरोध करणाऱ्यांचं एक म्हणणं खरं आहे. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनेलनं तो मरत नाही, आणि गवतात गोचीड असते. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचीही भीती असते. पण त्यावर उपाय आहेत : लसीचं कार्ड पाहिल्याशिवाय कुत्रं आत घेऊ नये, विष्ठा तिथल्या तिथे उचलावी, पाणी साचू देऊ नये, जागा दोन करून आलटून पालटून वापराव्यात, लहान जातींची वेळ वेगळी ठेवावी. एवढी मेहनत घ्यायची तयारी नसेल, तर जाहिरातीतून मैदान हा शब्द काढून टाकावा.

पंढरपूरला जाताना, कोकणात गणपतीला जाताना कुत्रं ठेवायचं असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी मैदान दाखवा म्हणून सांगा. सकाळी नव्हे, भर दुपारी जा. पावसाळ्यात असेल तर भर पावसात जा. कुत्र्याला किती वेळ मोकळं सोडणार, ते लिहून घ्या. टाळाटाळ झाली, तर कुत्रं शेतावर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा.