उरलेले दोन स्क्रू

भाच्याचा ड्रोन एका लग्नात नवरदेवाच्या घोड्यावरून थेट चिंचेत शिरला. 2022च्या फेब्रुवारीपासून, मोजके अपवाद सोडले तर, तयार ड्रोन परदेशातून आणायला बंदी आहे. सुटे भाग मात्र खुशाल येतात. म्हणजे नवा घेऊ नका, जुनाच सांधत बसा, असे धोरणच म्हणायचे. दुरुस्तीवाल्याने तो सांधला आणि उरलेले दोन स्क्रू पुडीत बांधून परत दिले. प्रामाणिक माणूस!

ड्रोन उडतो झकास. पण टेबलावर चालू ठेवला की चार-पाच मिनिटांत तवा होतो, इशारा देतो आणि डोळे मिटतो. "ऊन किती आहे साहेब," दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला. रात्रीचे नऊ वाजले होते. मग संशय बॅटरीवर, मग फर्मवेअरवर, शेवटी भाच्याच्या हातगुणावर.

दुखणे साधेच निघाले. चिपची उष्णता धातूच्या पत्र्यात उतरते ती मधल्या मऊ थर्मल पॅडमधून. तो गेला की फटीत हवा उरते, आणि उष्णता पुढे पोचवण्यात हवा आपल्या टपालखिडकीइतकीच तत्पर. उडताना अंगावरून वारा जातो, म्हणून पाप झाकले जाते. आत रुपयाएवढा पंखाही आहे. त्याची वायर जोडलेलीच नव्हती. पॅडच्या जागी सेलोटेप.

फोटो पाठवला. उत्तर आले : "खाली ठेवूच नका ना साहेब, उडवत राहा."