शहाण्या गाडीला बिघडवताना

विजेची गाडी स्वभावाने फारच सज्जन असते. ॲक्सिलरेटर दाबला की ती निमूट निघते. क्लच मागत नाही, गिअर मागत नाही, सिग्नलला थांबल्यावर घरघरत नाही. जन्मभर पेट्रोलवर वाढलेल्या चालकाला एवढा सज्जनपणा सोसत नाही. त्याचं मन राखण्यासाठी ह्युंदाईने २०२३ मध्ये आयोनिक ५ एन ही गाडी दाखवली, आणि विजेने घालवलेल्या सगळ्या खोडी मोठा अभ्यास करून तिच्यात परत भरल्या.

या गाडीत बदलायला गिअर नाहीत, पण एक बटण दाबलं की आठ येतात. स्टिअरिंगमागची पट्टी ओढली की झटका बसतो; तो मोटर मुद्दाम देते. वेळेवर वरचा गिअर टाकला नाही, तर नसलेलं इंजिन नसलेल्या मर्यादेला धडकून अडखळतं. स्पीकरमधून दोन लिटरच्या टर्बो इंजिनाची गुरगुर येते. तिचा कंटाळा आला तर लढाऊ विमानाच्या धर्तीचा आवाजही आहे. १० सेकंदांपुरते ४७८ किलोवॅट काढून दाखवणारं यंत्र, आणि त्याला काम काय, तर नक्कल.

हसून झालं की मात्र कबूल करावं लागतं की शर्यतीच्या ट्रॅकवर ही नक्कल कामाची आहे. वळणाच्या तोंडाशी वेग किती, हे अनुभवी चालक काट्याकडे बघून ठरवत नाही. तिसरा गिअर आणि इंजिनाचा सूर यांवरून त्याला ते कळतं. मुकी गाडी काहीच सांगत नाही. चालक निवांतपणे वळणाशी पोचतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपल्यासोबत सुमारे २२०० किलो वजनही तेवढ्याच निवांतपणे आलं आहे, आणि वळण्याचा त्याचा काही विचार दिसत नाही.

हे वजन म्हणजे या गाड्यांचं खरं दुखणं. बॅटरी फरशीखाली असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो, गाडी फारशी कलत नाही, आणि चालकाला वाटतं की आपण फार छान चालवतो आहोत. टायरला हे कौतुक नसतं. त्याची पकड ठरलेली. ब्रेक, वळण आणि वेग या तिघांनी ती वाटून घ्यायची. पुढच्या टायरांनी हात टेकले की स्टिअरिंग वळतं आणि गाडी सरळ जाते, हे अंडरस्टिअर. मागच्यांनी टेकले की शेपूट पुढे यायला निघते, हे ओव्हरस्टिअर. रेसिंगवाल्यांचा जुना विनोद असा, की पहिल्यात भिंत दिसते आणि दुसऱ्यात नुसती ऐकू येते.

ट्रॅक मोड, म्हणजे गाडीची शर्यतीच्या ट्रॅकसाठीची खास मांडणी, हात घालतो तो इथे. पुढे एक मोटर, मागे एक, आणि दोघींना जोडणारा दांडा नाही. त्यामुळे जोर कुणी किती लावायचा ते सॉफ्टवेअर ठरवतं. आयोनिकमध्ये या वाटपाच्या ११ पायऱ्या आहेत. टेस्लाने मॉडेल ३ परफॉर्मन्सला २०१८ मध्ये ट्रॅक मोड दिला आणि २०२० मध्ये त्याची सूत्रं थेट चालकाच्या हाती सोपवली: सगळा जोर पुढे की सगळा मागे, हे पडद्यावर बोटाने सरकवा, आणि गाडीने किती सांभाळून घ्यायचं ते उणे १० ते अधिक १० मध्ये निवडा. उणे १० म्हणजे तुमचं तुम्ही बघा.

पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढणं ही जवळजवळ विश्रांती. इथे ते काम आहे. पाय उचलला की मोटर उलटी राबून वीज गोळा करते. आयोनिकमध्ये हा विजेचा ब्रेक ०.६ जीपर्यंत (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा त्वरण) ओढतो. वजन पुढे सरकतं, नाकाला पकड मिळते, शेपूट हलकी होते. सफाईने केलं तर गाडी वळणात छान शिरते. ऐन वळणात घाबरून पाय काढला, तर जिथून आलो तो रस्ता समोर दिसण्याची शक्यता असते.

शिवाय उष्णता. आयोनिकच्या ट्रॅक तयारीत बॅटरी आधी २० ते ३० अंशांवर आणली जाते, म्हणजे फेऱ्या मारताना तापायला वाव राहतो. मे महिन्यात नागपूरकराला जे मिळत नाही, ते बॅटरीला मिळतं. एवढा थाट करून ह्युंदाईने समोर ठेवलेलं ध्येय होतं जर्मनीतल्या न्युरबर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या दोन फेऱ्या, ताकद न गळता. केवळ दोन? पूर्वीच्या बऱ्याच विजेच्या गाड्यांना एक धड पुरी करताना धाप लागायची, त्यामुळे दोनला मान आहे.

ताकद चालकाच्या हाती द्यावी की नाही, हा प्रश्न शाओमीने आपल्या पद्धतीने सोडवू पाहिला. फोनवाल्या या चिनी कंपनीची एसयू७ अल्ट्रा ही १५४८ अश्वशक्तीची. मे २०२५ मध्ये तिला नवं सॉफ्टवेअर आलं आणि ताकद ९०० च्या आसपास उतरली. बाकीची हवी असेल तर ठरलेल्या ट्रॅकवर ठरलेल्या वेळेत फेरी पूर्ण करून दाखवा. पैसे मोजून गाडी घेतलेल्यांना परीक्षेला बसवल्यावर व्हायचा तो गहजब झाला आणि कंपनीला पाऊल मागे घ्यावं लागलं. खरं तर कल्पना वाईट नव्हती. फक्त ती बिल फाडण्याआधी सांगायला हवी होती.

महिंद्रांच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफारिनाने चालकावर असा संशय घेतला नाही. त्यांच्या बातिस्ताला १९०० अश्वशक्ती आहे आणि काल्मा (म्हणजे शांत), पुरा, एनर्जिका, फुरिओसा असे चढत्या पाऱ्याचे मोड. पाचवा करात्तेरे, तो ज्याचा त्याने जुळवायचा. समजा ही गाडी मालकांच्या गावी मुंबईत आली आणि द्रुतगती मार्गाने पुण्याला निघाली. सपाट टप्प्यातली ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ती दोन सेकंदांच्या आत गाठेल. पुढचा सगळा रस्ता, कॅमेऱ्यांच्या नजरेखाली आणि टँकरच्या मागे, काल्मा.