ताप वर्षातून दोनदा

छत्तीसगडच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने 2024 मध्ये दहावी-बारावीची परीक्षा वर्षातून दोनदा घ्यायला सुरुवात केली. पहिली मार्चमध्ये, दुसरी जुलैत. त्याआधी 2022 मध्ये गुणवत्ता यादीतल्या मुलांना रायपुरात हेलिकॉप्टरमधून फिरवून आणलं होतं; शिक्षणाचा स्तर उंचावला नाही असं कोण म्हणेल?

भाषेचा पेपर मात्र जमिनीवरच आहे. पोरगा रायपूरच्या तात्यापाऱ्यात आईशी मराठी बोलतो, गोल बाजारात छत्तीसगडीत घासाघीस करतो, मित्रांशी हिंदीत भांडतो. यातलं काहीच पेपरात विचारत नाहीत. तिथे लागतो गाइडमधून पाठ केलेला, प्राचार्यांना लिहायचा रजेचा अर्ज. ‘सविनय निवेदन’पासून सुरू, ‘आज्ञाकारी शिष्य’वर खलास. मधे ताप, तोही बहुधा तीनच दिवसांचा. (फारच धाडसी असला तर बहिणीचं लग्न काढतो.) बारावीपर्यंत शिकून त्याला रजेखेरीज दुसरं काही मागता येत नाही, ती मात्र बिनचूक मागता येते. आता दुसरी संधी मिळाल्याने ताप जुलैतही येईल. पावसाळ्यात तो निदान पटेल तरी.